उण्याचा पाढा

खारा-तुमूलच्या शाळेत सहावीला सात मुलं.
वर्वारा स्पिरिदोनोव्ना फळ्यावर आडवी रेघ ओढतात,
मधोमध शून्य,
उजवीकडे एक, दोन, तीन,
डावीकडेही तेच, फक्त प्रत्येकाच्या अंगाला
एक आडवी काडी चिकटलेली.

"ही काडी कशाला?" एर्खान विचारतो.

खरं आहे त्याचं.
इथं नोव्हेंबरपासून कुणी उणे म्हणत नाही.
खिडकीबाहेरच्या नळीत पारा नाही, पारा इथं गोठून बसतो,
नळीत लाल स्पिरिट.
आई ते बघते आणि नुसतं म्हणते, अठ्ठेचाळीस.
शेजारी म्हणतो, काल पन्नास होतं, आज उतरलं.
उतरलं म्हणजे बरं झालं.
वसंतात कधीतरी शून्य ओलांडलं
की मात्र लोक हाका मारून सांगतात:
अधिक दोन! अधिक तीन!
चिन्ह लागतं ते उबेला.

"मोठं कोण? उणे चाळीस की उणे पन्नास?"
सातही जण: पन्नास.
पन्नासला ट्रकचं इंजिन रात्रभर बंद करता येत नाही.
पन्नासला आपलाच श्वास ऐकू येतो कानाशी,
कुणी धान्य ओतावं तसा.
बावन्नला चौथीपर्यंत सुट्टी, छप्पन्नला सगळ्यांना.
म्हणजे मोठंच की.

वर्वारा सातही वह्यांवर फुली मारतात
आणि लाल पेन ठेवताना जराशा ओशाळतात.

(माझ्या भाषेत एकोणपन्नास म्हणताना
पन्नासातला एक आधीच निघून गेलेला असतो.
लहानपणी किती घोकला मी तो शब्द,
त्या गेलेल्याची चौकशी कधी केली नाही.)

मग तो दिवस येतो. दरवर्षी येतो.
उणे गुणिले उणे.
एकवीस वर्षं वर्वारांनी तो ढकलला आहे
शत्रूचा शत्रू तो मित्र, असं म्हणत.
यंदा कुन्नेय अडून बसते.
"शत्रूला शत्रूने गुणलं तर शत्रूच वाढतील ना, बाई?"

खडू बोटांत फिरतो. भट्टीत लाकूड तडकतं.
"तुमच्याकडे घोडे किती?"
"अकरा."
"दर हिवाळ्यात?"
"तीन कमी होतात. कधी लांडगे नेतात. कधी बाबा विकतात."
"म्हणजे उणे तीन. दोन वर्षांनी?"
"पाच उरतील."
"आता मागे चल. चार वर्षं मागे. उणे चार."

बाकीचे वहीत मांडायला लागतात.
कुन्नेय मांडत नाही, डोळे मिटते.
"बारा जास्त," म्हणते. "तेवीस."
आणि जरा थांबून,
"कुरणाच्या कडेला ती भुरी घोडी आहे.
दादा पण आहे. मोजणारा तोच होता."

वर्वारा फळ्यावर बारा लिहितात.
काडी लावत नाहीत.
कुणाला काही शंका? कुणाला नाही.
हे गणित सुटलं की काय झालं
ते त्यांनाही नीटसं कळलेलं नाही.

घंटा होते. मुलं फरचे बूट चढवतात.
वर्गात चौदा बाकं, दोघांचं एक.
चार भट्टीजवळ ओढलेली,
बाकीच्या दहांवर कर्कटकाने कोरलेली नावं,
ती वर्वारांना हजेरीच्या क्रमाने पाठ.
त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणतात,
मग डस्टर घेऊन
डावीकडून पुसायला लागतात.

दारातून एर्खान ओरडतो,
"उद्या त्रेपन्न आहे, बाई! लहानांना सुट्टी!"
"आणि आपल्याला?" मागून कुणी विचारतं.
"उणे सुट्टी," कुन्नेय म्हणते.

मग बराच वेळ
बाहेर अंधारात धान्य ओतल्याचा आवाज,
सात जणांचा.